शिंपल्यांची खिडकी बदलताना

गोव्यात सासष्टी किंवा बार्देश तालुक्यात गेलात, तर तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्या जरा निरखून पाहा. काही घरांच्या लाकडी झडपांत काचेऐवजी पांढुरक्या, चौकोनी चकत्या ओळीने बसवलेल्या दिसतील. या चकत्या म्हणजे चक्क शिंपले आहेत!

पोर्तुगीज अमदानीत खिडकीची काच दुर्मीळ आणि महाग होती. खाडीच्या चिखलात मात्र तळहाताएवढा, चपटा आणि पातळ असा एक शिंपला मिळे. त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लाकुना प्लासेंटा’. त्याच्या कडा कापून तो चौकोनी करीत आणि खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्यांत सरकवून बसवीत. फिलिपीन्समधील जुन्या घरांतही याच शिंपल्याच्या खिडक्या आढळतात.

आता अशी खिडकी मोडकळीस आली, की घरमालकाला सोपा उपाय सुचतो : झडप काढून टाकावी आणि स्वच्छ काच लावावी, म्हणजे उजेड तरी भरपूर येईल. हे खरे आहे का?

प्रकाश किती आणि कसा?

साध्या काचेतून सुमारे ९० टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो. चांगल्या शिंपल्यातून तो सुमारे ८० टक्के जातो. म्हणजे फरक फारसा नाही. खरा फरक आहे तो प्रकाशाच्या दिशेत.

हा शिंपला सुमारे ९९ टक्के कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचा, बनलेला असतो. अभ्रकाप्रमाणे त्यात पातळ थरांवर थर असतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय पदार्थाचे अतिसूक्ष्म अस्तर असते. प्रत्येक सीमेवर अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे थोडा थोडा प्रकाश आपली दिशा बदलतो. अखेर किरण सर्व बाजूंना विखुरले जातात.

हे घरी करून पाहा. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत स्वच्छ काचेतून भिंतीवर पाडा. भिंतीवर लख्ख ठिपका दिसेल, पण कोपरे काळोखेच राहतील. आता काचेऐवजी बटर पेपर धरा. ठिपका नाहीसा होईल आणि उजेड खोलीभर पसरेल. शिंपल्यांची खिडकी हेच काम करते. तिच्या जागी स्वच्छ काच लावली, की जमिनीवर उन्हाचा झगझगीत पट्टा पडतो, डोळे दिपतात आणि खोलीचा आडोसाही जातो.

तडा पसरत का नाही?

काचेला तडा गेला, की तो सरसर पुढे धावतो. या शिंपल्याचा अभ्यास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लिंग ली आणि ख्रिस्तीन ऑर्टिझ यांनी केला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आघाताच्या जागी स्फटिकांची रचना अतिसूक्ष्म प्रमाणात बदलते आणि आघाताची ऊर्जा तिथेच शोषली जाते, असे त्यांना आढळले. साध्या कॅल्साइटच्या तुलनेत ही क्षमता जवळजवळ दहापट आहे.

मग दुरुस्ती कशी करावी?

नवे शिंपले आणावेत, हे उत्तर आता चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये या जीवाचा समावेश झाला आहे. जुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात तो आजही राहतो. घराचे रूप राखण्यासाठी खाडी ओकी करणे कोणालाच पटणार नाही.

तेव्हा आधी लाकडी चौकट राखावी. कुजलेला भाग तेवढाच कापून तिथे नवे लाकूड सांधावे. शिंपले सुटे बसवलेले असल्यामुळे फुटलेला एकच काढता येतो. पाडल्या जाणाऱ्या घरातील जुने शिंपले, वनखात्याकडे चौकशी करून, वापरता येतील. तेही न मिळाल्यास धुरकट काचेचे तुकडे त्याच मापात कापून त्याच खाचांत बसवावेत. उद्या ते सहज काढताही येतील.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. डाग काढण्यासाठी शिंपल्यावर लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर चोळू नका. आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट एकत्र आले की काय होते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच आहे. शिंपला फसफसून झिजेल! ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

जुनी वस्तू बदलण्यापूर्वी ती नेमके कोणते काम करते हे तपासावे. तुमच्या गावातील जुन्या वाड्याची खिडकी काय काय काम करते? वहीत टिपणे काढून वर्गात चर्चा करा.