मेणबत्ती धूर का करते?



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय मात्र घरच्या भगिनींचा आहे. दिवाळीच्या तोंडावर बचत गटातून मेणबत्त्या करून विकणाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात : काही मेणबत्त्या धूर करतात, काही मध्येच विझतात. मग मेण खराब म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. पण बहुतेक वेळा दोष वातीच्या निवडीत असतो.

मेणबत्तीत जळते काय? आपण म्हणतो वात. खरे जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती पेटते. काळ्या रानात खालचा ओलावा केशाकर्षणाने वर येतो ना, वातीचे कामही तेच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८४८ साली व पुन्हा १८६०-६१ साली मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून त्याने आतली वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखविली. आपणही पाहू शकता. मेणबत्ती विझवून लगेच तिच्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उतरून वात पेटते.

आता मुद्दा मेळाचा. वात जाड असेल तर मेण जास्त ओढले जाते, त्या मानाने हवा पुरत नाही आणि काजळी धरते. बॉयलरला हवा कमी पडली की चिमणी काळा धूर ओकते, त्यातलाच प्रकार. वात बारीक असेल तर वितळलेले मेण ओढले जात नाही, तळे साचते व वात बुडते. रुंद मेणबत्तीत मध्येच खड्डा पडतो आणि कडेचे मेण फुकट जाते.

म्हणून खताच्या प्रात्यक्षिकासारखी चाचणी घ्यावी. मेण तेच, साचा तोच, फक्त वाती तीन जाडीच्या. वारा नसलेल्या खोलीत तासभर जाळून पाहावे. जी धूर न करता, न ओघळता जळेल ती वात त्या साच्याला पक्की करावी. साचा बदलला की चाचणी पुन्हा.

वात सुती आणि विणलेली घ्यावी. पिळाच्या दोऱ्याचे टोक ज्योतीत सरळ उभे राहते, जळून जात नाही, त्यावर काजळी साठते. विणलेली वात वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येते व जळून जाते. ही सुधारणा फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास झाली. तरीही पेटविण्यापूर्वी वात पाव इंच ठेवून कापावी.

साचा व वात कोरडी हवी. पाण्याचा थेंब राहिला तर मेणबत्ती तडतडते. न विरघळणारी रंगाची भुकटी वातीत अडकते, म्हणून मेणात विरघळणाराच रंग वापरावा. पॅराफिन मेणात थोडे स्टिअरिक ॲसिड घातल्यास मेणबत्ती कडक होते व साच्यातून सहज सुटते.

उसाच्या कांडीवरची पांढरी भुकटी हेही मेणच. गाळपात त्याचा बराच भाग प्रेसमडमध्ये जातो. पण ते काढायला रासायनिक द्रावके लागतात. घरी त्याचा नाद करू नये, प्रेसमड रानातच घालावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मेणाचे भांडे थेट जाळावर ठेवू नये, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. मेण पेटलेच तर पाणी मुळीच ओतू नये, भडका उडतो. जाळ बंद करून वर झाकण सरकवावे. आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीत पेटती मेणबत्ती नकोच. पाचटाला एक ठिणगी पुरते. तिथे बॅटरीच बरी.

शंभरातल्या दहा मेणबत्त्या धुरकट निघाल्या तर गिऱ्हाईक त्या दहाच लक्षात ठेवते. तेव्हा विक्रीआधी प्रत्येक घाण्यातील एक मेणबत्ती जाळून पाहावी.

— ऊस विकास अधिकारी