भाड्याचा फ्लॅट आणि कॉलेजची फी

एक फ्लॅट घेऊन ठेवला की भाड्यातून मुलांची फी निघेल, असा हिशेब पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत मांडला जातो. गल्लत होते ती हाती आलेले सगळे भाडे उत्पन्न धरल्याने. पाहायचा असतो तो निव्वळ परतावा (खर्च वजा जाता उरलेल्या भाड्याचे घराच्या किमतीशी प्रमाण). म्हशीच्या दुधाचे पैसे मोजताना पेंड, चारा आणि भाकड महिने धरावे लागतात, तसेच हे.

समजा, ६० लाखांच्या फ्लॅटला महिना १८,००० रुपये भाडे येते. वर्षाचे झाले २,१६,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर १०,००० आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना वजा केला, तर उरतात १,५२,०००. जेमतेम अडीच टक्के. त्यावर प्राप्तिकर. तिथे ३० टक्के प्रमाणित वजावट (खर्च कितीही झाला तरी ठरलेली सूट) मिळते, हा मोठा दिलासा. पण गृहकर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

किंमत वाढल्यावर फ्लॅट विकून शिक्षणाचा खर्च भागवता येतो, हे खरे. मात्र प्रवेशफेरीत फी भरायला मोजकेच दिवस मिळतात आणि गरजेपुरती एक खोली विकता येत नाही. त्यामुळे ज्यांना फ्लॅट विकायचा आहे, त्यांनी बारावीच्या आधीच गिऱ्हाईक शोधायला लागावे आणि पहिल्या वर्षाची फी मुदत ठेवीत वेगळी ठेवावी.