व्हॉइसमेलचा फोल्डर कोणाला किती उघडा ठेवावा?

ऑफिसच्या फोनवर कुणी निरोप ठेवला की शेवटी तो सर्व्हरवरची एक साधी ऑडिओ फाइलच असते. ॲस्टरिस्क या ओपन सोर्स फोन प्रणालीत प्रत्येक एक्स्टेन्शनचा स्वतंत्र फोल्डर असतो, त्यात ‘इनबॉक्स’. पहिल्या निरोपाला ०००० क्रमांक मिळतो आणि शेजारीच त्याच क्रमांकाची मजकुराची फाइल बसते: फोन कुणाचा, कधीचा, किती सेकंदांचा.

हा फोल्डर सांबा या फाइल-शेअरिंग प्रणालीद्वारे विंडोज संगणकांवर दाखवायचा, तर कुलपं दोन होतात, सांबाचं आणि सर्व्हरवरच्या लिनक्सचं. दोन्ही उघडली तरच आत शिरता येतं. इथे वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देणारी लिनक्सची परवानगी, देऊन टाकणारे पुष्कळ. मग ग्राहकांचे खासगी निरोप कुणीही ऐकावेत, कुणीही पुसावेत! त्यापेक्षा ऐकणाऱ्यांचा एक गट करावा, मालकी ॲस्टरिस्ककडेच ठेवावी आणि आतल्या उपफोल्डरांसकट २७५० द्यावं. सात म्हणजे मालकाला सगळी मुभा, पाच म्हणजे गटाला आत जाऊन वाचण्यापुरती, शून्य म्हणजे इतरांना काही नाही. सुरुवातीचा दोन बहुतेकजण गाळतात. त्याच्यामुळे नवी फाइल आपोआप गटाच्या नावावर पडते. तो नसेल तर जुने निरोप उघडतात आणि आजचेच अडतात, असंही होऊ शकतं.

गटाला लिहिण्याची परवानगी मात्र नकोच. कुणी विंडोजमधून एखादी फाइल उडवली, तर ॲस्टरिस्कला त्याचा पत्ता लागेलच असं नाही. निरोप गेलेला असतो, पण नवा निरोप असल्याचं दाखवणारा फोनवरचा दिवा लागलेलाच राहतो. पुसायचं ते फोनवरूनच पुसावं.