भाकरी कुत्र्याला चालते, मांजराला पुरत नाही

चाळीसगावात घरच्या कुत्र्याला बहुधा घरात शिजेल तेच मिळतं: ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वरण, उरलेली भाजी, हिवाळ्यात भरीत. मांजराची वाटी म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी. आता दुकानांत तयार खाद्याच्या पिशव्या मिळतात, आणि त्यांच्यासोबत एक नवं दडपणही आलं आहे. कुत्र्याला धान्य पचतच नाही, त्याला भाकरी घालणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, असं लोक सांगू लागले आहेत.

हे खरं नाही. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं विकर ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात फक्त 2 प्रती असतात. कुत्र्यांत त्या 4 ते 30 सापडल्या. ‘नेचर’ या नियतकालिकात 2013 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. माणसाच्या शेतीशेजारी राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला. मेंढरांमागे हिंडणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर निभावत आली, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या आहारात निदान 18 टक्के प्रथिनं असावीत असं अमेरिकेतलं मानक सांगतं. ज्वारीत ती दहाच्या आसपास असतात. कळण्यात उडीद असल्यामुळे थोडी भर पडते, तरी जोडीला अंडं, कोंबडीचं उकडलेलं मांस किंवा मासळी हवीच. पिल्लांच्या बाबतीत उलटी चूक होते. ‘ताकद यावी’ म्हणून त्यांना नुसतं मटण-भात घालतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि पाय वाकतात. वाढत्या पिल्लाला पूर्ण आहाराचं तयार खाद्य द्यावं, नाहीतर पशुवैद्यकाकडून कॅल्शियमचं प्रमाण ठरवून घ्यावं. अंदाजाने गोळ्या चारू नयेत.

आपल्याकडचा खरा धोका भाकरीत नाही, तिच्यासोबतच्या कालवणात आहे. भरतात कांद्याची पात आणि लसूण, शेवभाजीच्या रश्श्यात भाजलेल्या कांद्याचं वाटण, आमटीला लसणाची फोडणी. ‘कच्चा कांदा वाईट, शिजला की चालतो’ ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती घातक आहे. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवून, तळून किंवा वाळवून ते निकामी होत नाहीत. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा बाधू शकतो, मांजराला फक्त 5 ग्रॅम. म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम पुरेत. लसूण तर कांद्याहूनही तीव्र. शिवाय रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी परिणाम साठत जातो. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट, लघवी गडद, धाप. गोचीड तापातही असंच दिसतं. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर गेल्या आठवड्यात काय काय खाऊ घातलं ते आठवून सांगा. उपाय सोपा आहे, फोडणी घालण्याआधी कुत्र्या-मांजराचा वाटा बाजूला काढायचा.

मांजराची गोष्ट निराळी आहे. ‘कुत्र्याचंच थोडं मांजराला’ हा हिशोब चालत नाही, कारण मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन हा घटक कुत्र्याचं शरीर बरंचसं स्वतः बनवतं, मांजराला तो मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं की मांजरांचा हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेतून होतो आणि ते दिल्यावर सुधारतोही. गाजराच्या रंगातून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणंही मांजराला जमत नाही.

मग दूध-पोळीवर वाढलेली आजीची मनी दहा वर्षं जगली कशी? ती नुसत्या दूध-पोळीवर नव्हतीच. धान्याच्या कोठ्या असलेल्या घरात ती उंदीर मारत होती, आणि अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाडं, टॉरिन आणि पाणी एकत्र. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मनीला उंदीर कुठून मिळणार? शिवाय मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि पुष्कळांना जुलाब होतात. मांजरासाठी कोंबडी उकडलीत तर ते पाणीही त्याला द्या, कारण टॉरिन पाण्यात उतरतं.

आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कोरड्या खाद्याचा प्रश्न येतो. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के, आणि मांजर मुळात कमी पाणी पितं. बोक्याची लघवी अडली तर तो जीवघेणा प्रसंग असतो, त्यासाठी सकाळची वाट पाहू नये. खाद्य भिजवून द्यावं, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

कच्च्या मांसाने कुत्रा चावरा होतो, असंही म्हणतात. स्वभावाचा आणि कच्च्या मांसाचा संबंध नाही. टाळायचं कारण वेगळं आहे: खाटकाकडची कच्ची आतडी, फुप्फुसं, काळीज यांतून कुत्र्याला फीतकृमी होतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात गाठी वाढतात. शिजवलेली हाडं मात्र कुठल्याच जनावराला नकोत. ती टोकदार फुटतात.

जळगावचं केळं? कुत्र्याला दोन-चार चकत्या खुशाल. द्राक्षं आणि शिऱ्यातले मनुके मात्र एकही नको, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी त्यामागे टार्टारिक आम्लाचा संशय व्यक्त केला. ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटीही टाळा.

‘बुरशी आलेली भाकरी जनावराला चालते’ हा समज सोडायलाच हवा. मका आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करतं. 2020-21 मध्ये अमेरिकेत अशा विषाने दूषित तयार खाद्यामुळे शंभरावर कुत्री दगावली. पिशवीतलं खाद्यही ओलीत ठेवू नका.

आहार बदलायचा तो सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. नवं खाद्य नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबतात. धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत एक दिवस ते निभतं. मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या बाबतीत नाही: दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत द्या आणि डॉक्टरांना विचारा.