फटक्याची ताकद दंडात नव्हे, कमरेत

पेण तालुक्यातील गडब परिसरात भातकापणी उरकली की रिकाम्या शेतांत टेनिस बॉल क्रिकेट सुरू होते. चेंडू हलका, त्यामुळे तो सीमेपार धाडायला बॅट जोरात फिरवावी लागते. शालेय स्पर्धांतल्या सॉफ्टबॉलमध्ये आणि बेसबॉलमध्येही तसेच. बॅट चुकीची फिरली की फटका तर फसतोच. पण तीच चूक रोज होत राहिली की कंबर, बरगड्यांची बाजू किंवा मनगट दुखू लागते.

जोरदार फटका जमिनीपासून सुरू होतो. मागच्या पायाने जमीन रेटली की आधी कंबर वळते, मग छाती व खांदे आणि शेवटी हात. चाबकाच्या टोकाप्रमाणे बॅटला वेग मिळतो तो या क्रमामुळे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कंबर न वळवता नुसत्या हातांनी मारणे. मग सारा भार खांदे व मनगटांवर येतो. दुसरी, चेंडू येण्याआधीच पुढच्या पायावर झेपावणे. तिसरी, हात सुरुवातीलाच अंगापासून लांब नेणे. बॅट मोठा वळसा घेते आणि पोहोचायला उशीर होतो. चौथी, चेंडूवरची नजर काढून डोके झटक्याने वळवणे.

बेसबॉलमध्ये चेंडू १८.४४ मीटरवरून फेकला जातो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो. तेवढ्यात पाय, कोपर, मान असा विचार करणे शक्य नसते. म्हणून चूक सुधारायची ती सामन्यात नव्हे, सरावात. आणि एका वेळी एकच.

त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मोज्यात चेंडू घालून तो झाडाच्या फांदीला कमरेच्या उंचीवर टांगावा. आधी निम्म्या जोराने, आधी कंबर आणि मग हात हा क्रम पाळत मारावे. कोपरे अंगाजवळ राहावीत, फटका पूर्ण होईपर्यंत हनुवटी स्थिर असावी. क्रम अंगवळणी पडल्यावरच जोर वाढवावा. सरावाआधी दहा मिनिटे अंग गरम करावे.

वाढत्या वयातील मुलांची कंबर मागे वाकताना एका बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर मणक्याच्या मागील भागाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या बॅटच्या टोकाचा गोळा तळहातात रुतून करंगळीच्या बाजूचे छोटे हाडही मोडू शकते. ते साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. अशा वेळी मलम चोळून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नये. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि आपण बॅट कशी फिरवतो, हेही त्यांना सांगावे. दुखणे बरे झाले तरी फटक्यातली चूक तशीच राहिली, तर ते पुन्हा उद्भवते.