नैसर्गिक परफ्यूम: बाटलीतला वास आणि त्वचेवरचा वास

बेळ्ळंदूरला राहणाऱ्यांना वासाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. वारा तलावाच्या बाजूने वाहू लागला, की आमच्या इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होतात. हाच तो तलाव, ज्यावरच्या पांढऱ्या फेसाचे आणि आगीचे फोटो काही वर्षांपूर्वी देशभर फिरले होते. त्यामुळे घराबाहेर पडताना अंगावर काहीतरी सुगंधी फवारणं ही इथे चैन वाटतच नाही.

मीही गेल्या वर्षी 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असं लिहिलेली एक महागडी बाटली मागवली. पहिल्या फवाऱ्याला नुकतंच संत्रं सोलल्यासारखा ताजा वास आला. पण आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून ऑफिस गाठेपर्यंत सगळं गायब! पैसे पाण्यात गेले, असंच वाटलं. नंतर थोडं वाचलं, थोडं करून पाहिलं, तेव्हा कळलं की बाटली खोटी नव्हती. माझीच अपेक्षा चुकीची होती.

लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांच्या सालीच्या तेलातले मुख्य रेणू लहान आणि हलके असतात, दहा कार्बनचे. त्वचेच्या उबेने ते भराभर उडतात. चंदनाच्या तेलातलं सँटलॉल पंधरा कार्बनचं असतं, म्हणून ते सावकाश सुटतं. वाळ्याचंही तसंच. नेहमीच्या परफ्यूममध्ये वास धरून ठेवायला कृत्रिम कस्तुरीसारखे घटक घातलेले असतात. निव्वळ वनस्पतींच्या परफ्यूममध्ये ही जबाबदारी चंदन, वाळा, लोबान यांच्यावर असते. तेव्हा खरेदी करताना आधी हे पाहा, की तळाला काय आहे. नुसती फुलं आणि फळं असतील, तर तासाभरापेक्षा जास्त आशा ठेवू नका.

आपल्या अत्तरवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कनौजमध्ये तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतात आणि ती वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते फुलांचा वास धरून ठेवतं. चंदन महाग झाल्यापासून त्या जागी लिक्विड पॅराफिनही वापरतात. स्वस्त गुलाब अत्तर विकत घेताना हे लक्षात असू द्या.

आणि चंदनासाठी तर आपण योग्य राज्यात राहतो! पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानाचं चंदन युरोपात जाणं थांबलं, लाकडाचे ढीग पडून राहिले. मग 1916 मध्ये इथेच तेल काढायचा कारखाना उभा राहिला आणि 1918 मध्ये बेंगळुरूत चंदनाचा साबण बनू लागला. तोच आपला म्हैसूर सँडल. आमच्याकडे दिवाळीला मोती आणि एरवी हा, अशी वाटणी होती.

एका रविवारी मी हातावर तीन ठिपके लावून घड्याळ लावलं. डाव्या मनगटावर ती संत्र्याची बाटली, उजव्या मनगटावर वाळ्याचं अत्तर, कोपराच्या आत चंदनाच्या तेलाचा एक थेंब. संत्रं पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांवर मात करत होतं. वाळा सुरुवातीला चक्क कडवट, मुळाला चिकटलेल्या ओल्या मातीसारखा लागला. आईने विचारलं असतं, हे काय लावलंस? चंदन तर जवळजवळ गप्पच होतं. अर्ध्या तासाने संत्र्याचा मागमूस नव्हता. दुपारी वाळ्याचा कडवटपणा ओसरून उन्हाळ्यातल्या माठाचा थंडावा तेवढा उरला. आणि संध्याकाळी भांडी घासून झाल्यावरसुद्धा कोपराशी चंदन होतं, कोमट दुधासारखं मऊ, नाक अगदी जवळ नेल्यावरच कळणारं.

नैसर्गिक सुगंधाची ही सवय आवडली तरच त्याच्या वाटेला जा. लिफ्टमध्ये शिरताच सगळ्यांनी वळून पाहावं, असं हवं असेल तर हा तुमचा प्रकार नाही.

वास टिकवायला घरगुती युक्त्या आहेत. त्वचा कोरडी असेल तर वास लवकर उडतो, म्हणून आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा. मनगटं एकमेकांवर घासू नका, उष्णतेने वरचे हलके वास आणखी लवकर जातात. आपल्या आजोबांचा कानातला अत्तराचा फाया तर उत्तमच. कापूस अत्तर हळूहळू सोडतो आणि त्वचेशी थेट संबंधही कमी येतो.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या मावसबहिणीने साखरपुड्याच्या आठवडाभर आधी मानेला लिंबूवर्गीय तेल चोळलं आणि ती गच्चीवर उन्हात केस वाळवत बसली. मानेवर लाल चट्टा उठला, मग तो काळा पडला. फोटोंमध्ये तिची मान पूर्ण वेळ ओढणीने झाकलेली आहे. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही,' असं तिला सांगणारी मीच होते. बर्गमॉट, लिंबू अशा सालीच्या दाबून काढलेल्या तेलात काही घटक असे असतात, की ऊन लागताच ते त्वचा भाजल्यासारखी करतात. युरोपीय संघाने 2003 मध्ये सुगंधातले 26 ॲलर्जीकारक घटक लेबलवर छापणं बंधनकारक केलं, त्यात लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल असे फुलाफळांत आपसूक असणारे कितीतरी आहेत.

म्हणून नवीन काहीही आणलं, तर आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक-दोन दिवस थांबा. शुद्ध तेल थेट अंगावर न चोळता खोबरेलात मिसळा. लिंबूवर्गीय काही असेल तर ते कपड्यावर, उन्हात जाताना त्वचेवर नाही. तान्ह्या बाळाला तर काहीच लावू नका, आणि बाळाला कडेवर घेणार असाल तर स्वतःच्या मानेलाही नको. पुरळ किंवा चट्टा उठला तर ते लावणं बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मावसबहिणीचा डाग आता बराच फिकट झालाय. गेल्या महिन्यात ती बेळ्ळंदूरला आली, तेव्हा मी चंदनाची कुपी तिच्यासमोर धरली. तिने आधी बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं, मग कोपर पुढे केलं आणि म्हणाली, "थेंबभरच हं, आणि उद्या संध्याकाळपर्यंत मला विचारू नकोस कसं वाटलं."