बाजारात न आलेल्या निओ जिओ गेमच्या पोटात काय असतं?

एसएनकेची निओ जिओ एमव्हीएस ही आर्केड यंत्रणा १९९० ची. तिचं कार्ट्रिज उघडलं की आत दोन बोर्ड निघतात. एकावर ६८००० प्रोसेसरचा प्रोग्रॅम आणि आवाजाचे नमुने, दुसऱ्यावर चित्रं, पडद्यावरची अक्षरं आणि साउंडच्या झेड८० चा कोड. विक्रीच्या मालात बहुतेक मास्क रॉम: डेटा कारखान्यातच पक्का, बदलायची सोय नाही.

प्रोटोटाइपमध्ये मात्र ईप्रॉम! चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी, त्यातून आतलं सिलिकॉन चक्क दिसतं. अतिनील प्रकाश दिला की सगळं पुसलं जातं, मग नवा कोड भरायचा. म्हणून तर खिडकीवर स्टिकर असतो. ‘साफसफाई’ म्हणून तो खरवडणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

डेटा ईस्टचा ‘घोस्टलॉप’ त्या काळी बाजारात आलाच नाही. आज खेळता येतो तो प्रोटोटाइपच्या चिप वाचून घेतल्या म्हणूनच. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण ईप्रॉममधला विद्युतभार वर्षानुवर्षं झिरपत जातो. चित्रांच्या चिप तर जोडीनेच चालतात, सी१ आणि सी२. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची माहिती दोघींत अर्धी-अर्धी, त्यामुळे एक दगावली तरी सगळ्या रंगांचा विचका.